शब्दकोश म्हणजे सोवळं नव्हे

"कुणीही बदलू शकतं? मग त्या कोशावर विश्वास कसा ठेवायचा?" विक्शनरीचं नाव काढलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याने तिथलं ‘इतिहास’ बहुतेक कधी उघडलेलं नसतं. उघडा. कोणता बदल कधी झाला, कोणत्या खात्यावरून झाला, काय काढलं, काय घातलं, सगळं दिसतं. आम्ही कोड लिहिणारे गिटवर विसंबतो ते याचसाठी. छापील कोशातून एखादा शब्द का गाळला, हे कुठे कळतं?

आणि ‘कुणीही’ला इतकं घाबरायचं कारण नाही. १८७९ साली जेम्स मरे यांनी ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशासाठी वाचकांनाच आवाहन केलं : पुस्तकं वाचा, शब्द वाक्यासकट चिठ्ठीवर उतरवून पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या. पाठवणाऱ्यांत खून करून मनोरुग्णालयात पोचलेला विल्यम मायनरही होता. त्याची चिठ्ठी चालली, कारण तिच्यावर पुरावा होता.

माझं खरं भांडण आहे ते खुल्या कोशात शिरून भाषा ‘शुद्ध’ करायला निघालेल्यांशी. ‘भ्रमणध्वनी’ जरूर घाला, सरकारी कागदावर तो असतो. पण मग ‘रिचार्ज मारणे’ का नको? आपण चक्कर मारतो, गप्पा मारतो, विहिरीत सूर मारतो. ‘मारणे’ला आणखी एक काम मिळालं, इतकंच. (त्याने तक्रार केलेली नाही.) मालवणीतलं ‘चेडू’, वऱ्हाडीतलं ‘पोट्टं’, अहिराणीतला ‘आंडोर’ यांना हाकलायचा हक्क ‘संपादन’ बटणाने कुणाला दिलेला नाही.

हा नुसता भावनेचा मामला नाही. विक्शनरीचा मजकूर कुणालाही उतरवून घेता येतो आणि भाषेवर काम करणारे प्रोग्राम तो वापरतात. यादीत नसलेल्या शब्दाखाली स्पेलचेकर लाल रेघ ओढतो. म्हणजे घरात रोज बोलला जाणारा शब्द फोनवर ‘चूक’ ठरतो, आणि चार वेळा लाल रेघ पाहिली की आपणच तो टाइप करणं सोडतो.

वात्रट लोक येतात, खोटे अर्थ घालतात, मान्य. ते उलटवता येतात.

तेव्हा ‘पोट्टं’ घाला. बाजूला लिहा : वऱ्हाडी. खाली वाक्य द्या, बोलतात तसंच : ‘हे पोट्टं काई आयकत नाई.’ कुणी ते काढलं, तर चर्चापानावर जाऊन कारण विचारा.