त्याला काय कळतंय?

आमच्या जळकोटात हे वाक्य फार सहज बोलले जाते. डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेले मूल चाळिशीला आले, दाढी पिकू लागली, तरी घरात ते मूलच राहते. घरात मरण आले की आधी त्याला शेजाऱ्यांकडे नेऊन बसवतात आणि नंतर सांगतात, तुझे दादा लातूरला दवाखान्यात आहेत. असा एक गृहस्थ माझ्या पाहण्यात आहे. तो कैक महिने लातूरच्या गाडीची वाट पाहत असे. पुढे तो जेवेना, अंगावर येऊ लागला; तेव्हा लोक म्हणाले, डोके आणखी बिघडले.

मला हे पटत नाही. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते, हे पॅरिसच्या संशोधकांनी १९५९ साली दाखविले. त्यामुळे शिकणे, बोलणे मंदावते. चित्रातला भ्यालेला किंवा कोरा चेहरा ओळखणे अशा व्यक्तींना जड जाते, असेही प्रयोगांत आढळले आहे. पण चित्रातला चेहरा वेगळा आणि आईचा बदललेला आवाज वेगळा! शिवाय मनात दुःख असणे आणि ते शब्दांत सांगता येणे, यांतही अंतर आहे. ते तर आम्हा बी. ए.च्या वर्गातल्या पुष्कळांनाही साधत नाही.

इंग्लंडमध्ये शीला हॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आई किंवा वडील गमावलेले ५० बौद्धिक अपंग प्रौढ त्यात होते. त्यांच्या वागण्यात दुःख उमटले होते. सांभाळणाऱ्यांनी मात्र त्याचा संबंध मृत्यूशी क्वचितच लावला. याच हॉलिन्सबाईंनी बापाच्या मृत्यूवर चित्रांचे पुस्तक केले आहे, वाचता न येणाऱ्यांसाठी.

'ही माणसं सदा हसरी असतात हो,' असेही कौतुकाने म्हणतात. २०१४ साली आपल्या लातूरच्या रितेश देशमुखांनी निर्मिलेल्या 'येलो' चित्रपटात जलतरणपटू गौरी गाडगीळने स्वतःचीच भूमिका केली, राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. तिच्या यशाला आपण टाळ्या वाजवल्या, ते योग्यच. पण हसण्याचा हक्क देऊन रडण्याचा काढून घ्यायचा, हा कुठला न्याय?

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की त्याला 'वारले' असे सरळ सांगावे. 'गावाला गेले' म्हणू नये. गावाला गेलेला माणूस परत येतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याला अंत्यदर्शन घेऊ द्यावे, तिसऱ्या दिवशी राख सावडायला न्यावे, वडिलांची टोपी त्याच्याजवळ राहू द्यावी. तो घाबरेल, रडेल, असे वडीलधारे म्हणतात. रडू द्यावे की! घरातले बाकीचे रडतातच ना?