तंबोऱ्याशी भांडणारा सूर

जयपूरचे नाव निघाले की कोणाच्या डोळ्यांपुढे हवामहाल उभा राहतो, तर कोणाच्या कानांत एखादी जुनी तबकडी वाजू लागते. मराठी घरांत दुसऱ्या प्रकारची माणसे थोडी अधिक असावीत. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (१८५५-१९४६) राजपुतान्यातून निघाले आणि शाहू महाराजांच्या कोल्हापुरात स्थिरावले. त्यांची विद्या गोमंतकातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांच्या गळ्यात उतरली, आणि केसरबाईंच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळाच्या प्रवासास निघाली. अशा गायकीच्या तबकड्या ज्यांच्या ट्रंकेत आहेत, त्यांना त्या चांगल्या ऐकाव्याशा वाटणारच. त्यांतील काही हौशी मंडळी व्हॉल्व्हचा प्रीॲम्प्लिफायर स्वतःच्या हातांनी बांधतात. व्हॉल्व्ह अजून मिळतात. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे ते आजही तयार होतात. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ साली रेडिओच्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू झाले होते, आणि त्या जुन्या साठ्यातील एखादा नग हाती लागला तर हौशी माणूस तो दागिन्यासारखा जपतो.

पण यंत्र पुरे होते, बटण दाबले जाते, व्हॉल्व्ह तांबूस उजळतात, आणि गाणे सुरू होण्याआधीच कर्ण्यातून 'घूं' असा अखंड आवाज येऊ लागतो. रेडिओ दुरुस्त करणारे याला 'हमिंग' म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

हा आवाज इतर संगीतापेक्षा आपल्या संगीताला अधिक बाधतो, यामागे साधे गणित आहे. आपल्या घरातील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने घेतो, आणि यंत्रात तिचे एकदिशा प्रवाहात रूपांतर करताना त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० आवर्तनांची लहर उरते. आता काळी चार पट्टीत गाणाऱ्या गायिकेचा मध्य षड्ज सुमारे २०८ आवर्तनांचा, म्हणून तिच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे १०४ आवर्तनांचा असतो. शंभर आणि एकशे चार हे दोन सूर एकत्र वाजले म्हणजे सेकंदाला चार वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. तंबोरा बेसूर नसतानाही तो बेसूर भासतो. बँडच्या गाण्यात हे कोणाच्या ध्यानात येणार नाही. विलंबित ख्यालात मात्र ते क्षणोक्षणी टोचते.

तबकडीच्या प्रीॲम्प्लिफायरमध्येच ही तक्रार इतकी का? लाँगप्ले तबकडी कोरताना खालचे सूर मुद्दाम दाबून कोरलेले असतात, नाहीतर खाचा एकमेकींत शिरतील. वाजवताना यंत्राने ते पुन्हा उचलायचे असतात. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत हे प्रमाण कंपनीगणिक निराळे असे, परंतु खालचे सूर उचलणे तेथेही आलेच. चुंबकी पिकअपमधून येणारा संदेश जेमतेम पाच मिलिव्होल्टचा. मधल्या सुरांसाठी यंत्र तो शंभरपट वाढवीत असेल, तर ५० आवर्तनांच्या सुराला ते सुमारे सातशेपट वाढवते. म्हणजे जो शत्रू दाराबाहेर ठेवायचा, त्याच्यासाठीच दार सर्वांत रुंद उघडलेले! म्हणून रेडिओच्या सर्किटात चालून जाणारी ढिलाई येथे चालत नाही.

शोधाला लागण्यापूर्वी जिवाची गोष्ट. व्हॉल्व्हच्या यंत्रात २५० ते ३०० व्होल्टांचा एकदिशा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो मोठ्या कंडेन्सरांत दडून बसतो. तो माणसाला ठार मारू शकतो. घरात मुले असतील तर उघडी चॅसी टेबलावर ठेवून जेवायला जाऊ नये. मुख्य कंडेन्सरवर २२० किलोओहमचा, दोन वॉटचा रेझिस्टन्स कायमचा जोडून ठेवावा. पन्नास मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्यामुळे मिनिटाभरात जवळजवळ रिता होतो. तरीही प्लग उपसून, थोडे थांबून, मीटरने दाब मोजल्याशिवाय आत बोट घालू नये. चालू यंत्रात मोजमाप करणे भागच पडले तर डावा हात खिशात ठेवण्याची जुन्या कारागिरांची सवय फार शहाणपणाची आहे. त्यामुळे प्रवाहाला छातीतून वाट मिळत नाही.

आता आधी नुसते ऐकावे. आवाज खोल, मऊ, जवळजवळ पोटात जाणवणारा असेल तर तो ५० आवर्तनांचा. फिलामेंटच्या तारा, अर्थिंगची जोडणी किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र यांच्याकडे संशय वळवावा. त्याहून एक सप्तक वर, किंचित खरखरीत 'झर्र' असा असेल तर तो १०० चा. वीजपुरवठ्याचे कंडेन्सर पाहावेत. ज्यांच्या घरी हार्मोनियम आहे त्यांना हे सहज जमेल, कारण १०० चा हमिंग मंद्र सप्तकातील पांढऱ्या पाचच्या अगदी जवळ लागतो. संगीताचा कान येथे मीटरइतकाच उपयोगी पडतो, आणि मला तर वाटते की घरातली गाणारी व्यक्ती या कामी यंत्र बांधणाऱ्यापेक्षा सरस ठरते.

मग दोष कोणत्या खोलीत लपला आहे ते हुडकावे. व्हॉल्यूमची कळ फिरवली असता हमिंग कमीजास्त होत असेल तर दोष कळीच्या आधी आहे. होत नसेल तर नंतर. आधी असेल तर यंत्र बंद करून पिकअपची वायर काढावी आणि त्या जागी आत तार जोडून बंद केलेला पिनप्लग बसवावा. पुन्हा चालू केल्यावर हमिंग नाहीसा झाला, तर प्रीॲम्प्लिफायर निर्दोष आहे. बिघाड ग्रामोफोनात, त्याच्या वायरीत किंवा त्याच्या अर्थच्या बारीक तारेत आहे. ही तार न जोडल्यामुळे कित्येकांनी उगाच अख्खे यंत्र उकलले असेल! हमिंग तसाच राहिला तर यंत्र बंद करून पहिला व्हॉल्व्ह काढावा आणि पुन्हा चालू करून ऐकावे. आता आवाज थांबला तर दोष त्या व्हॉल्व्हच्या टप्प्यात. न थांबला तर पुढे. मात्र फिलामेंट एकामागून एक अशी माळेत जोडलेली असतील तर एक काढताच सगळीच विझतील, आणि या कसोटीला अर्थ उरणार नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम कंटाळवाणा वाटतो. पण ज्या शहरात आपण हे यंत्र बांधीत आहोत, ते वसवणाऱ्या सवाई जयसिंहांनी वेधशाळेसाठी पितळी यंत्रांवर विसंबणे सोडले, ते त्यांचे आस झिजतात आणि डळमळतात हे नेमके कारण हेरून. म्हणून जंतरमंतरची यंत्रे चुनादगडांची झाली. चूक आहे एवढे कळणे वेगळे, ती कोठून येते हे कळणे वेगळे.

कारणांपैकी फिलामेंटच्या तारा हे सर्वांत घरगुती कारण. त्या दोन्ही तारा एकमेकींभोवती घट्ट पिळून, चॅसीच्या कोपऱ्याला धरून न्याव्यात. ग्रिडच्या तारेला त्यांनी ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडावे. ट्रान्सफॉर्मरच्या ६.३ व्होल्टच्या वेटोळ्याला मधला टोक नसेल तर दोन्ही टोकांपासून शंभर-शंभर ओहमचे रेझिस्टन्स घेऊन त्यांचा सांधा अर्थला जोडावा. तेवढ्याने निम्मी तक्रार मिटते. उरलेली बहुधा व्हॉल्व्हचीच असते: फिलामेंटमधून कॅथोडकडे सूक्ष्म गळती होते, आणि त्याच नंबरचा दुसरा व्हॉल्व्ह लावताच यंत्र शांत होते. ईएफ८६ हा व्हॉल्व्ह कमी हमिंगसाठीच घडवलेला होता. ईसीसी८३ मध्ये मात्र नगानगात फरक पडतो, तेव्हा त्यातला उत्तम नग पहिल्या टप्प्यासाठी राखून ठेवावा.

कंडेन्सरांविषयी जयपूरकरांनी विशेष सावध असावे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर उष्णतेने आतून सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांशी खेळतो आणि शेजारी व्हॉल्व्ह तापलेला असतो, तेथे जुन्या रेडिओतून काढलेला कंडेन्सर वापरणे ही काटकसर नव्हे. संशयित कंडेन्सरवर नवा समांतर जोडून पाहावा, पण तो जोडताना यंत्र बंद आणि रिते हवे. चालू यंत्रात ठिणगी पाडून पाहण्याची दुकानातील रीत घरी आणू नये. आणि हमिंग घालवण्यासाठी रेक्टिफायर व्हॉल्व्हलगतचा पहिला कंडेन्सर वाटेल तेवढा वाढवू नये. ईझेड८० ला ५०, तर जीझेड३४ ला ६० मायक्रोफॅरड ही मर्यादा आहे. वाढवायचे ते त्यापुढचे, रेझिस्टन्स किंवा चोकनंतरचे.

आता राहिले अर्थिंग, आणि खरी गोम येथेच आहे. प्रीॲम्प्लिफायर आणि मोठा ॲम्प्लिफायर दोन्ही तीन पिनांच्या प्लगवर असले की त्यांच्या चॅसी दोन वाटांनी जोडल्या जातात: एक भिंतीतील अर्थच्या तारेतून, दुसरी गाण्याच्या वायरीच्या जाळीतून. हे एक मोठे वेटोळेच झाले. आसपासच्या ट्रान्सफॉर्मरांचे क्षेत्र त्यात प्रवाह निर्माण करते, आणि तो जाळीतून वाहताना गाण्यात मिसळतो. यावर एक उपाय बाजारात सर्रास सांगितला जातो: प्लगची तिसरी पिन काढून टाका. हमिंग जातो, हे खरे. पण उद्या ट्रान्सफॉर्मरचे वेष्टन जळून २३० व्होल्ट चॅसीवर आले, तर फ्यूज उडणार नाही. ते व्होल्ट वाट पाहतील, तबकडी बदलायला येणाऱ्या हाताची. एवढा एक उपाय कोणीही, कितीही अनुभवी माणसाने सांगितला तरी करू नये.

योग्य मार्ग थोडा अधिक कष्टाचा आहे. चॅसी अर्थच्या तारेला बोल्टने थेट जोडावी. गाण्याच्या सर्किटातील सर्व अर्थ मात्र एका ठिकाणी गोळा करून तेथून चॅसीकडे दहा ओहमच्या रेझिस्टन्समधून जावे, आणि त्या रेझिस्टन्सवर उलटसुलट दोन दणकट डायोड ठेवावेत. हमिंगच्या चिमुकल्या प्रवाहाला दहा ओहम अडवतात. खराखुरा बिघाड झाला तर डायोड वाट मोकळी करून देतात. पिकअपची सॉकेट चॅसीपासून अलग बसवावीत, आणि दोन्ही यंत्रांचे प्लग एकाच बोर्डात लावावेत.

एवढे करूनही दुपारी हमिंग येतो आणि रात्री जातो, असे आढळल्यास खिडकीतला कूलर बंद करून पाहावा. त्याची मोटर, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक हे सारे शेजारी चुंबकी पिकअपला ऐकू येतात. ग्रामोफोन दोन हात सरकवून किंवा प्रीॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर पाव फेरा वळवून आवाज बदलला, तर डाखाच्या कामाला हात लावण्याची गरजच नाही.

कूलरचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. पाणी, लोखंडी पेटी आणि मोटर एकत्र असलेल्या या वस्तूचा जीव घराच्या अर्थिंगवरच अवलंबून असतो, आणि ग्रामोफोनच्या निमित्ताने ते तपासून घेणे दुहेरी फायद्याचे. जयपूरची रेताड जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थचा खड्डा नावापुरता उरतो. वायरमनला बोलावून त्याचा रोध मोजून घ्यावा, मुख्य बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरला तुटणारा सर्किट ब्रेकर नसेल तर बसवावा, आणि कूलरची टाकी भरताना एक बादली त्या खड्ड्यातही रिकामी करावी.