स्मारकाचा पाया

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. समोरचा सिंधुदुर्ग मात्र, १६६४ साली पायाभरणी होऊनही, आजतागायत त्याच लाटा झेलीत उभा आहे. राजकोटावर २०२५ साली नवा, अधिक उंच पुतळा उभारण्यात आला. परंतु प्रश्न उंचीचा नव्हताच. स्मारक योजताना मुहूर्ताची चिंता आधी आणि जमीन, खारा वारा, निगराणीचा खर्च यांचा विचार मागाहून, ही आपली रीतच चुकीची आहे. मुंबईच्या हुतात्मा चौकातील मशालधारी शेतकरी व कामगार उंचीने मोठे नाहीत. तरी कोणी, कशासाठी प्राण वेचले हे त्यांच्याकडे पाहून वाटसरूस उमगते. स्मरण कशाचे, जागा कोणती आणि पन्नास वर्षांनी काळजी कोण वाहणार, यांची उत्तरे मिळाल्यावाचून कोनशिला बसवू नये. एरवी स्मारक उभे राहते ते आपल्या उतावीळपणाचेच!