वाचनालयाला काय हवं, ते गावानं ठरवू द्या

दिवाळी जवळ आली की लंडनमधल्या आपल्या मंडळात एक विषय हमखास निघतो. गावाकडच्या वाचनालयासाठी यंदा काय पाठवायचं? कोणी पुस्तकांची खोकी सुचवतं, कोणी वापरलेले संगणक, तर कोणी मुलांसाठी टॅब. पैसेही जमतात, कारण गावाबद्दलची ओढ खरी असते. मात्र या चर्चेत एक माणूस कधीच नसतो. ज्या वाचनालयाला आपण मदत करतो, त्याच्या बाकावर रोज बसणारा वाचक. माझं म्हणणं एवढंच आहे की काय पाठवायचं हे त्यानं सांगावं आणि त्यानंतर आपण पाऊल उचलावं. त्याच्याबरोबर आणखी एकाला विचारावं लागेल: त्या वाचनालयाची पायरी कधीच न चढलेल्या माणसाला.

मी जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातला, म्हणून उदाहरणही तिथलंच घेतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला, तेव्हा राज्याचे शिक्षणमंत्री होते मधुकरराव चौधरी, आमच्याच तालुक्यातल्या खिरोद्याचे. या कायद्याचं एक वैशिष्ट्य आपल्याला फारसं आठवत नाही. महाराष्ट्रानं गावोगावी सरकारी वाचनालयं उघडली नाहीत. लोकांनी स्थापन केलेल्या, लोकांनीच चालवलेल्या संस्थांना मान्यता आणि अनुदान द्यायचं, ही वाट राज्यानं धरली. आज अकरा हजारांहून अधिक वाचनालयं या वाटेनं चालतात. कागदावर पाहिलं तर इतकी लोकांच्या हातातली ग्रंथालय व्यवस्था देशात क्वचितच सापडेल.

प्रत्यक्षात काय होतं? संस्था नोंदवलेली असते, कार्यकारिणी असते, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते. सभेला मोजकी माणसं येतात, मागील इतिवृत्त वाचून कायम केलं जातं, हिशेब मंजूर होतो, चहा होतो. वर्षानुवर्षं तीच नावं कार्यकारिणीवर राहतात. त्यांतले बहुतेक जण निष्ठेनं काम करतात, पदरमोडही करतात. त्यांच्याशिवाय ही वाचनालयं कधीच बंद पडली असती. पण शासनाकडून अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो तो ग्रंथसंख्या, वृत्तपत्रं आणि नियतकालिकं, सभासद, उघडं राहण्याचे तास या मोजता येणाऱ्या गोष्टींवर. साहजिकच कार्यकारिणीचं सारं लक्ष दाखल नोंदवही आणि तपासणीकडे लागतं. वाचकाला काय हवं हे विचारायला कोणी मनाई केलेली नाही. पण विचारलं नाही म्हणून कोणाचं काही अडतही नाही. २०२२ मध्ये राज्य सरकारनं अनुदान साठ टक्क्यांनी वाढवलं, ते फार दिवसांनी झालेलं चांगलं काम. पण वाढलेल्या पैशानं प्रश्न विचारायची सवय आपोआप लागत नाही.

मागे गावी गेलो असताना तालुक्यातल्या एका वाचनालयात संध्याकाळी बसलो होतो. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती चार-पाच निवृत्त मंडळी. आतल्या खोलीत अभ्यासिका, एकही खुर्ची रिकामी नाही. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. प्रत्येकाच्या पुढ्यात स्वतःचं पुस्तक, वाचनालयाचं एकही नाही. भिंतीवरच्या एका सॉकेटला एक्स्टेन्शन बोर्ड लावलेला, त्याला सात-आठ मोबाइल लटकलेले. कोपऱ्यात काचेचं कपाट, कुलूप घातलेलं. आत जाडजूड इंग्रजी ज्ञानकोशाचे खंड, वर परदेशस्थ देणगीदाराच्या नावाची पाटी. खंडांच्या कडा अजून कोऱ्या होत्या. शेजारी बसलेल्या मुलीला विचारलं, ‘‘इथं काय असतं तर बरं झालं असतं?’’ तिनं क्षणभरही विचार केला नाही. म्हणाली, ‘‘काका, पुस्तकं आहेत आमच्याकडे. लाइट गेली की बसता येत नाही. आणि मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, म्हणून मी दुपारनंतर पाणीच पीत नाही.’’

ग्रंथपाल शेजारीच उभे होते. तुटपुंज्या मानधनावर काम करणारे, मनानं अतिशय चांगले गृहस्थ. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, ‘‘हे मला कोणी बोललं नव्हतं.’’ ती मुलगी रोज तिथंच बसत होती. तिला बोलायची जागा मात्र कुठेच नव्हती. एक इन्व्हर्टर आणि एक स्वच्छतागृह यांची किंमत त्या ज्ञानकोशाच्या खंडांहून आणि ते इथवर पोचवण्याच्या खर्चाहून फार वेगळी नसेल. देणगीदाराचा हेतू शुद्ध होता, यात मला शंका नाही. त्याला खरी गरज कोणी सांगितली नाही आणि त्यानंही विचारली नाही.

आता न येणाऱ्यांकडे वळू. रावेर हा केळीचा पट्टा. पहाटे घड कापायला जाणारा, दुपारी गाडी भरणारा मजूर वाचनालयाच्या वेळेत कधीच मोकळा नसतो. निंदणीहून परतलेल्या बाईची संध्याकाळ चुलीपाशी जाते. उत्तरेला सातपुड्यात पालच्या बाजूला पावरा आणि तडवी पाडे आहेत. रावेर, सावदा या गावांत उर्दू शिकणारी मुलं आहेत. बुऱ्हाणपूर जवळ, त्यामुळे हिंदी वाचणारेही बरेच. घराघरांत बोलली जाते ती लेवा गणबोली, तडवी, पावरी. या सगळ्यांसाठी वाचनालयात काय आहे? केळीवर सीएमव्ही या विषाणूचा रोग आला, तेव्हा शेतकऱ्याला विश्वासार्ह माहिती हवी होती. फळपीक विम्याचा अर्ज भरताना, दावा नाकारला गेल्यावर काय करायचं हे समजून घेताना त्याला मदत हवी असते. पालला कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथले तज्ज्ञ महिन्यातून एकदा वाचनालयात येऊन बसले, तर त्या संध्याकाळी वाचनालयात पाय ठेवायला जागा उरणार नाही. अशा सेवेची कल्पना लंडनमध्ये बसून मला सुचली, तर तिला फारसा अर्थ नाही. ती तांदलवाडीच्या किंवा खिरोद्याच्या शेतकऱ्याच्या तोंडून आली पाहिजे, तरच तो तिथं येईल आणि पुढच्या महिन्यात शेजाऱ्याला घेऊन येईल.

विचारण्याचा परिणाम काय होतो, हे इथं पूर्व लंडनमध्ये राहणाऱ्यांना पाहायला मिळालं आहे. टॉवर हॅम्लेट्स या गरीब वस्तीच्या, मोठ्या बंगाली समाजाच्या भागात नव्वदच्या दशकाच्या शेवटी वाचनालयं ओस पडत होती. ती बंद करण्याआधी पालिकेनं रहिवाशांना विचारलं. वाचनालयात न येणाऱ्यांनाही विचारलं. उत्तरं साधी होती: बाजाराजवळ असू द्या, रविवारी उघडी ठेवा, जास्त वेळ उघडी ठेवा, शिकवणीचे वर्ग तिथंच घ्या. त्यातून ‘आयडिया स्टोअर’ उभी राहिली. पहिलं बो इथं २००२ मध्ये, व्हाइटचॅपलचं २००५ मध्ये. व्हाइटचॅपलच्या दारासमोर भाजी, कपडे, मासे विकणारा बाजार भरतो. पिशवीत कोथिंबीर घेतलेली बाई सहज आत शिरते आणि वरच्या मजल्यावर इंग्रजीच्या वर्गाला बसते. हेलसिंकीत २०१८ च्या डिसेंबरमध्ये ‘ऊडी’ हे मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झालं, तेही नागरिकांकडून हजारो सूचना मागवून. त्या तयारीतल्या एक लाख युरोंचा विनियोग कशासाठी व्हावा हेसुद्धा नागरिकांनीच ठरवलं. म्हणून तिथं पुस्तकांबरोबर शिलाई यंत्रं आहेत आणि लोक ती वापरतात.

पण त्यासाठी फिनलंडला जाण्याची गरज नाही. खानदेशाच्या शेजारी, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात शंभर वर्षांपूर्वी हे करून दाखवलं. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्यातली खरी दूरदृष्टी मात्र गावांच्या योजनेत होती. गावानं आपला हिस्सा जमवला की तेवढाच प्रांताच्या पंचायतीनं घालायचा आणि तेवढाच सरकारनं. गावानं स्वतःचा पैसा घातला, म्हणजे गावाला त्या वाचनालयाबद्दल बोलायचा हक्क मिळाला आणि सांभाळायची जबाबदारीही आली. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानची समान निधी योजना आजही याच तत्त्वावर चालते. केरळनं १९८९ च्या कायद्यानं आणखी पुढचं पाऊल टाकलं: तालुका, जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या ग्रंथालय परिषदा निवडून येतात आणि इमारतींच्या करावर बसणाऱ्या उपकरातून त्यांना पैसा मिळतो. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही, तो असावा अशी मागणी ग्रंथालय चळवळीनं वर्षानुवर्षं केली आहे. आपण ती उचलून धरायला हवी. पण त्याची वाट न पाहता करण्यासारखं बरंच आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. शेजारपाजारच्या वाचकांचा गट पुस्तकांची पेटी ताब्यात घेतो, वाचून झाली की पुढच्या गटाशी बदलतो. ही पेटी परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंतही पोचली. तिची जबाबदारी वाचकांच्याच अंगावर असते, म्हणून ती फिरत राहते.

या मांडणीवर आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला: लोकांना विचारलं तर ते फक्त स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मागतील, साहित्य मागं पडेल. मागू द्या. परीक्षेसाठी रोज चार-पाच तास बसणारा मुलगा वाचनालयाचा आपला माणूस झाला, तर एक दिवस त्याच्या हातात कथासंग्रह देता येईल. दारात न येणाऱ्याला तो कसा देणार? दुसरा: अशा सभांत मोठ्या आवाजाचीच माणसं बोलतात, बायका आणि पाड्यावरची माणसं गप्प राहतात. हे खरं आहे. म्हणून एकच सभा घेऊन भागणार नाही. बायकांसाठी त्यांच्या वेळेला, त्यांच्या आळीत बसावं लागेल. पाड्यावर जावं लागेल. बाजाराच्या दिवशी टेबल मांडावं लागेल. तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार: ग्रंथपालाला पोटापुरतं मानधन नाही, त्याच्यावर आणखी किती ओझं टाकणार? या आक्षेपापुढे मी मान तुकवतो. वाचकांच्या सहभागाचं सगळं काम एका अर्धवेळ माणसावर ढकललं, तर ते दोन महिन्यांत थांबेल. म्हणून आपली मदत पुस्तकांआधी माणसाकडे जायला हवी.

आता मंडळापुढे माझा प्रस्ताव. यापुढे न विचारता एकही खोकं पाठवू नये. आपण मदत करू इच्छितो त्या वाचनालयानं आधी किमान दोन वाचकसभा घ्याव्यात, एक विद्यार्थ्यांची, एक स्त्रियांची, आणि गावातल्या न येणाऱ्या माणसांशी बोलून गरजांची यादी करावी. ही यादी वाचनालयाच्या फळ्यावर लावावी. त्यातलं काय आधी करायचं हे वाचकांनी हात वर करून ठरवावं. ठरलेल्या कामासाठी गावानं आपला हिस्सा उभा करावा, पैशानं किंवा श्रमदानानं, आणि मंडळानं तेवढाच हिस्सा घालावा. मंडळाच्या रकमेतला एक वाटा वर्षभर हे सारं जुळवून आणणाऱ्या स्थानिक तरुण-तरुणीच्या मानधनासाठी राखून ठेवावा. वर्षाअखेरीस हिशेब त्याच फळ्यावर लागावा आणि पुन्हा एकदा विचारावं: काय चाललं, काय बदलायचं? देणगीदाराच्या नावाची पाटी लावायची की नाही, हेही गावानंच ठरवावं.

रावेर-यावलच्या माणसांना हे जमेल का, असं कोणी विचारील. १९३६ साली शेजारच्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. बांबू आणि तट्ट्यांचं एक आख्खं नगर नंदलाल बोस यांच्या कल्पनेनं उभं राहिलं आणि ते पेललं या परिसरातल्या शेतकऱ्यांनी, कार्यकर्त्यांनी. ज्या मातीत ते झालं, तिथं एका वाचनालयाची सभा भरवणं अवघड नाही. इतक्या वर्षांत आपण, कार्यकारिणीनं आणि परदेशातल्या देणगीदारांनीही, ती भरवा असं मनापासून म्हटलं नाही, एवढंच उणं आहे.

या सुट्टीत आपल्यापैकी बरेच जण गावी जातील. माझी विनंती आहे की प्रत्येकानं आपल्या गावच्या वाचनालयात एक संध्याकाळ बसावं, तिथं असलेल्या पाच जणांना आणि तिथं नसलेल्या पाच जणांना काय हवं ते विचारावं आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून आणावीत. मंडळाच्या येत्या वार्षिक सभेत आपण ती वाचू आणि पैसा कुठे जाईल हे त्या उत्तरांवरून ठरवू.