मनाचें दुखणें आणि न्यायासन

हिऱ्यांचे व्यापारी नीरव मोदी यांस भारताच्या हवालीं करूं नये, त्यांचें मन आजारी असून मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगांत ते जिवाचें बरेंवाईट करून घेतील, अशी हरकत लंडनच्या उच्च न्यायालयांत घेतली गेली, तेव्हां यवतमाळांतील आमच्या बैठकींत ‘सोंग!’ म्हणून हंशा पिकला. आम्हांस मात्र हंसवेना. २०१८ सालीं लॉरी लव्ह यास अमेरिकेस न पाठविण्याचें त्याच न्यायालयानें ठरविलें, त्याच्या कारणांत मनाचें दुखणें होतेंच. मोदींची हरकत ९ नोव्हेंबर २०२२ रोजीं फेटाळली गेली खरी. पण मनोविकारतज्ज्ञांच्या साक्षी ऐकून, बारा क्रमांकाच्या बराकींत देखरेख व उपचार राहतील ही भारत सरकारची हमी पारखून.

एवढी चौकशी आमच्या जिल्ह्यांतील कर्जबाजारी कापूसकऱ्याची कोण करतो? तो घुमा झाला कीं घरचेच त्यास आळशी म्हणतात! यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत मनोविकारांवर उपचार होतात, आणि १४४१६ या क्रमांकावर मराठींतून विनामूल्य बोलतां येतें, हें वाचकांनीं खेड्यांतील आपल्या ओळखीच्या घरांतून सांगून ठेवावें.