आजीचे इंजेक्शन आणि मनीचे हाड



गेल्या महिन्यात एक महाविद्यालयीन तरुण दवाखान्यात आला. त्याची स्वतःची तक्रार काहीच नव्हती. प्रश्न होता घरातील पाच महिन्यांच्या मनीचा. खाटेवरून उडी मारताना तिचा मागचा पाय मोडला होता. "डॉक्टरकाका, आजीला हाडांसाठी टेरिपॅराटाइडचे इंजेक्शन चालू आहे. त्यातले थोडे मनीला दिले तर हाड लवकर जुळेल का?"

प्रश्न मायेपोटी आला होता. म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे होते.

आपल्या मानेत थायरॉइडच्या मागे चार इवल्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियम घटले, की त्यांचे संप्रेरक हाडांतून ते रक्तात आणते. या संप्रेरकात 84 अमिनो आम्लांची साखळी असते. तिचा पहिल्या 34 दुव्यांचा भाग म्हणजे टेरिपॅराटाइड. दिवसातून एकदा, अल्पकाळ मिळाले तर ते हाड बांधणाऱ्या पेशींना चालना देते. अहोरात्र वाढलेले राहिले तर मात्र तेच हाड पोखरते. आजींना ते दिले जाते ते ठिसूळ झालेली हाडे बळकट करण्यासाठी.

मी विचारले, "मनी खाते काय?"

"कोंबडीची काळीज आणि बिनहाडाचे मांस. दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही."

उत्तर येथेच दडलेले होते. अशा आहारात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम अत्यल्प. वाढत्या पिलाला केवळ हेच मिळाले तर त्याच्या शरीरात हेच संप्रेरक सतत पाझरत राहते, हाडे पातळ होतात आणि साध्या उडीनेही मोडतात. ज्याचा अतिरेक आधीच झाला असावा, तेच आपण वरून टोचणार होतो!

मी माणसांचा डॉक्टर. म्हणून त्याला पशुवैद्यांकडे पाठवले. क्ष-किरण चित्रात हाडे विरळ दिसली. मनीला पिंजऱ्यात विश्रांती आणि पिलांसाठीचा संतुलित आहार सुरू झाला. आता ती किंचित लंगडते, पण चालते.

एवढे लक्षात ठेवा : घरातील माणसांचे औषध मुक्या जिवाला स्वतःच्या विचाराने देऊ नये. दुखते म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. आणि आजींचे इंजेक्शन आजींसाठीच राहू द्या. त्यांच्या हाडांना त्यातील प्रत्येक मात्रेची गरज आहे.