नाव आहे, पण प्रवेश नाही

संगणकावर काम करणारी मुले-मुली आज आपल्या वस्त्यांतही आहेत. कोणी हिशेबाच्या नोंदी भरते, कोणी वाहतूकदाराची बिले करते. काहींचे काम घरी बसून चालते. घरचा संगणक ही नुसती खिडकी असते, आणि खरे काम दूरच्या कचेरीतल्या संगणकावर होते. या सोयीला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. लोकलची धक्काबुक्की वाचते, पदरी लहान मूल असलेल्या भगिनीलाही नोकरी टिकवता येते. म्हणूनच एखाद्या सकाळी हे दार बंद झाले, तर प्रश्न यंत्राचा राहत नाही, चुलीचा होतो. कंत्राटी कामात दिवस भरला नाही, तर त्या दिवसाचा पैसा नाही.

अशी वेळ बहुधा कचेरीतल्या संगणकाची विंडोज बदलल्यानंतर येते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि विंडोज ११ घेणे अनेकांना भाग पडले. काल चालत होते, आज पडद्यावर इंग्रजीत पाटी येते. मुलगी घाबरते, आपल्याच हातून काही बिघडले असे समजते आणि साहेबांना सांगायला संकोचते. आम्ही म्हणतो, घाबरू नका, आधी ती पाटी नीट वाचा. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, ही तथागतांची शिकवण येथेही उपयोगी पडते. नकार तीन तऱ्हेचे असतात आणि तिन्हींची कारणे वेगळी आहेत.

पहिला नकार : समोरचा संगणक सापडतच नाही. येथे परवानगीचा प्रश्नच अजून आलेला नसतो. तो संगणक बंद असेल, झोपेत गेला असेल, इंटरनेट नसेल किंवा त्यावरचे रिमोट डेस्कटॉपचे बटण बंद असेल. आणखी एक गोष्ट पाहावी. विंडोजच्या ‘होम’ प्रकारात बाहेरून येणाऱ्याला असा प्रवेश देण्याची सोयच नाही, त्यासाठी ‘प्रो’ किंवा त्यावरचा प्रकार लागतो. कचेरीने नवा संगणक ‘होम’चा घेतला असेल, तर तुम्ही कितीही खटपट केली तरी व्यर्थ.

दुसरा नकार : नाव किंवा पासवर्ड चुकीचा. नव्या विंडोजमध्ये पुष्कळजण चार आकडी पिन टाकून संगणक उघडतात आणि मूळ पासवर्ड विसरून जातात. पिन हा त्या एका यंत्रापुरता असतो, दुरून जाताना पासवर्डच लागतो. ज्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नाही, त्यालाही विंडोज दुरून आत घेत नाही.

तिसरा नकार : तुमचे खाते आहे, पासवर्ड बरोबर आहे, पण दुरून प्रवेशाचा अधिकार नाही. पुष्कळांना कळत नाही ते हेच. संगणकावर नाव असणे वेगळे आणि दुरून आत येण्याच्या यादीत नाव असणे वेगळे. विंडोज कोरी टाकली किंवा यंत्रच बदलले, तर जुनी यादी सोबत येत नाही. कचेरीतल्या संगणकावर सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग रिमोट डेस्कटॉप येथे जावे आणि ‘रिमोट डेस्कटॉप यूजर्स’ या यादीत त्या व्यक्तीचे नाव घालावे. काम दोन मिनिटांचे आहे, पण ते त्या संगणकाचा कारभार ज्याच्याकडे आहे त्यानेच करायचे. मोठ्या कचेऱ्यांत ही यादी मुख्य सर्व्हरवरून ठरते.

आपल्या वाचकांना ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली बोले यांचा ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे कागदावर सर्वांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केले. तरीही १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, कारण ठरावातला हक्क तळ्याच्या काठापर्यंत पोहोचलाच नव्हता. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. तेथला नकार हा माणसांनी केलेला अन्याय होता. येथला नकार बहुधा नोंदीतली उणीव असते. तो अपमान मानून गप्प बसू नये. पाटीचा फोटो, आपल्या खात्याचे नाव आणि वेळ कळवून हक्काने दुरुस्ती मागावी. कळवल्याची वेळ लेखी राहिली, तर बुडालेल्या दिवसाबद्दलही बोलता येते.

घाईत दोन चुका होतात. पहिली म्हणजे, कटकट नको म्हणून सगळ्यांनाच ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून टाकणे. ज्याला एका खोलीची किल्ली हवी, त्याच्या हाती सगळ्या इमारतीचा जुडगा देण्यासारखेच हे आहे. दुसरी म्हणजे, सुरक्षा सैल करून काम भागवणे. मे २०१८ मध्ये असेच झाले. एका सुरक्षा दुरुस्तीनंतर दुरुस्त संगणक जुन्या, दुरुस्त न केलेल्या सर्व्हरशी जोडणी करीनात. दोन्ही बाजू अपडेट करणे हा खरा उपाय होता. पण सुरक्षेची अट सैल करूनही जोडणी होत होती, आणि अशी सैल केलेली अट पुन्हा घट्ट करायची राहून गेली, तर धोका तसाच राहतो.

याहून मोठा धोका बाहेरचा आहे. दार बंद झालेले माणूस घाईत असते आणि ठग त्याच घाईची वाट पाहतो. ‘कंपनीतून बोलतोय, दुरुस्त करून देतो’ असा फोन येतो. तो एक अ‍ॅप घ्यायला लावतो आणि पडद्यावर दिसणारा क्रमांक विचारतो. तो सांगितला आणि पुढच्या परवानग्या दिल्या, की तुमचा पडदा त्याच्या ताब्यात जातो आणि मागोमाग बँकेतली पुंजी. रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच याबद्दल इशारा दिला आहे. अनोळखी माणसाला आपल्या संगणकावर किंवा मोबाईलवर कधीही घेऊ नये. फसवणूक झालीच, तर लाजेने वेळ दवडू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे सालही तेच, म्हणून आपल्या घरात तो कोणी विसरू नये.

माता-पित्यांना आमची विनंती आहे. मुलगी संगणकापुढे रडवेली बसली, तर ‘तुला जमत नाही’ असे म्हणू नका. शेजारी बसा आणि ‘पाटीवर काय लिहिले आहे, ते वाचून दाखव’ एवढेच म्हणा. वाचता वाचता तिलाच कारण सापडेल.

जय भीम!